शून्याचा अर्थ

ज्या अभ्यासक्रमाची व्यवस्था आमच्याकडे आहे, त्याचे पाठ व स्वाध्याय ‘मूडल’ या प्रणालीवर ठेविलेले असतात. ऑस्ट्रेलियांतील मार्टिन डूगियामस यांनीं ती २००२ सालीं प्रसिद्ध केली; ती कोणासहि विनामूल्य घेतां येते व तिची अंतर्गत घडणहि पाहतां येते. कोणत्या विद्यार्थ्यानें काय उघडलें, शेवटीं तो केव्हां आला, याची टिपणी ती न कंटाळतां ठेवते.

शेंकडों विद्यार्थ्यांची ही माहिती पानें उघडून उतरून घेणें म्हणजे शुद्ध कारकुनी. त्यासाठीं मूडलला एक स्वतंत्र खिडकी आहे. तिला एपीआय म्हणतात. व्यवस्थापकानें ती उघडून द्यावी, कोणत्या प्रश्नांस उत्तर द्यावयाचें तें ठरवावें व मागणारास अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक खूण, म्हणजे टोकन, द्यावें. मग आपला प्रोग्रॅम टोकन, प्रश्नाचें नांव व अभ्यासक्रमाचा क्रमांक धाडतो, आणि क्षणार्धांत सारी यादी हातीं येते. सर्व्हर माणसाला ओळखीत नाहीं, टोकनाला ओळखतो. तेव्हां तिजोरीच्या किल्लीप्रमाणें तें जपावें लागतें. तें देतांना व्यवस्थापकानें थोडा हात आंखडलेलाच बरा, असें आमचें मत आहे.

यादींतील वेळ मात्र आपल्या घड्याळांतली नसते. ग्रिनिचच्या हिशोबानें १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून लोटलेले सेकंद तेथें मांडलेले असतात. आणि जो कधींच आला नाहीं त्याच्यापुढें शून्य! या शून्याची तारीख करूं गेल्यास, आपल्याकडील साडेपांच तासांची भर पडून, विशीतला मुलगा १९७० सालीं पहाटे साडेपांचला वर्गांत येऊन गेला असें निघतें. याचें हसूं येतें. परंतु त्याच शून्यावरून निवाडा करूं लागल्यास हसण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

गेल्या सत्रांत शून्यवाल्या ११ जणांस परीक्षेस बसूं देऊं नये, अशी सूचना विभागांत निघाली. आम्हीं त्यांना एकेक करून बोलाविलें. एकानें अभ्यासच केला नव्हता, व तसें त्यानें मोकळेपणानें सांगितलें. दुसऱ्याला मित्राकडून सर्व टिपणें मिळत असत. वसतिगृहांतील एका मुलीचा फोन बिघडला होता. ती मैत्रिणीच्या फोनवर, मैत्रिणीच्याच नांवानें, रात्रीं तिच्यासह पाठ ऐकत असे. मूडलच्या दप्तरीं एकीची हजेरी उत्तम, दुसरीची शून्य. तिची वही आम्हीं पाहिली. पाठांतील सर्व उदाहरणें तींत सोडविलेलीं होतीं.

ती वही आम्हीं विभागाच्या बैठकींत नेली. थोडा वाद झाला. सूचना तूर्त मागें पडली. यादी दर सोमवारीं निघते, व तींत ज्याचें नांव आढळेल त्यास आम्ही भेटावयास बोलावितों.

निघतांना त्या मुलीनें विचारलें, “सर, तें शून्य पुसतां येईल का?”

“एकदां स्वतःच्या नांवानें आंत जा,” आम्हीं म्हटलें, “म्हणजे तें आपोआप जाईल.”

“मग आजच जातें,” ती म्हणाली, आणि मैत्रिणीचा फोन मागावयास गेली.