गुलाबी खडा

परवा दुपारी गहू निवडत बसले होते. नात आली, शेजारी मांडी घालून बसली आणि मोबाईल पुढे करत म्हणाली, "आजी, यातला कुठला खडा?" मी आपली ताटातल्या खड्यांकडे बघतेय! तिच्या मोबाईलवर मात्र डझनभर अंगठ्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक गुलाबी हिरा.

दिवाळीनंतर तिचा साखरपुडा ठरलाय, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. माझ्या साखरपुड्यात अंगठी हा प्रकारच नव्हता. १९७२ साल, मराठवाड्यात दुष्काळ. साडी, ओटी आणि साखरेचा पुडा, एवढ्यावर लग्न पक्कं झालं. आता अंगठी हाच मुख्य विधी आणि साखर उरली फक्त नावात. असो. तक्रार नाही, अंगठ्या बघायला मलाही मजा येत होती.

हिरा म्हटलं की आमच्या माहेरी एकच प्रश्न असायचा, लाभेल का? नवा हिरा काही रात्री उशाखाली ठेवून झोपायचं, वाईट स्वप्नं पडली तर परत करायचा. सूनबाईंचा प्रश्न वेगळा होता. "पण खरा आहे का?" कारण नातीने आणि होणाऱ्या नातजावयाने ठरवलं होतं की हिरा प्रयोगशाळेत वाढवलेला घ्यायचा. दोघं नोकरी करतात, अंगठ्या दोघांनी मिळून घ्यायच्या, घरून पैसे घ्यायचे नाहीत. आणि त्यांच्या पैशांत गुलाबी म्हणजे लॅबचाच.

शनिवारी आम्ही तिघी जालना रोडवरच्या एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने मला आधी खुर्ची दिली, मग पाणी. मी त्याची चक्क तोंडी परीक्षा घेतली. सवय जात नाही! खाणीतला गुलाबी हिरा दाखव म्हटलं तर हसला. "आजी, तो मुंबईहून मागवावा लागेल. आणि या आकाराचा घ्यायचा तर फ्लॅट गहाण टाकावा लागेल." हा आकार म्हणजे अर्धा कॅरट. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आपल्या जेमतेम पावणेदोन गुंजा. म्हणजे गुंजभरही नसलेल्या खड्यासाठी फ्लॅट.

इतका महाग का, तेही त्याने सांगितलं. जगातले ९० टक्क्यांहून जास्त गुलाबी हिरे ऑस्ट्रेलियातल्या एकाच खाणीतून, अर्गाइलमधून यायचे आणि ती खाण २०२० च्या नोव्हेंबरात बंद झाली. पुढचं मी घरी येऊन वाचलं. हिरा म्हणजे नुसता कार्बन. त्यात नायट्रोजन मिसळला की पिवळा होतो, बोरॉन मिसळला की निळा. गुलाबी रंग मात्र सहसा कशाच्या मिसळण्याने येत नाही. जमिनीच्या पोटात प्रचंड दाबाने हिऱ्याची आतली रचना पिळवटते, अणूंचे थर सरकतात आणि त्यातून हा रंग दिसतो. मला हे वाचून गंमत वाटली. ज्याला आपण नाजूक रंग म्हणतो तो त्या दगडाने सोसलेल्या पिळाचा.

लॅबमध्ये एवढा दाब सोसायला कोणी थांबत नाही. हिऱ्याची एक पातळ चकती बी म्हणून ठेवतात, भोवती मिथेनसारखा वायू सोडून तापवतात आणि चकतीवर कार्बनचे थर चढत काही आठवड्यांत हिरा तयार होतो. गुलाबी हवा असेल तर त्यात थोडा नायट्रोजन, मग किरणांचा मारा आणि पुन्हा भट्टी. सुरतेत असे हिरे आता ढिगाने तयार होतात. पण तोही हिराच. काच नव्हे, अमेरिकन डायमंड नव्हे. हिरा तपासायचं साधं यंत्र त्याला हिराच म्हणतं. दुकानातल्या मुलाने भिंगाखाली त्याच्या कडेवर लेझरने कोरलेला बारीक नंबर दाखवला. कागदावरही तोच नंबर आणि स्पष्ट लिहिलेलं, प्रयोगशाळेत वाढवलेला.

इतिहास शिकवला असल्यामुळे मला 'खरे' गुलाबी हिरे कुठून आले तेही बघावंसं वाटलं, तर ते आपल्याच अंगणातले निघाले. गोवळकोंड्याचे म्हणून गाजलेले हिरे कोल्लूरसारख्या कृष्णाकाठच्या खाणींमधले. कृष्णा म्हणजे आपल्या महाबळेश्वरचीच. टाव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने १६४२ मध्ये गोवळकोंड्याला २४२ कॅरटचा चपटा हिरा पाहिला होता. हाच टाव्हर्निये पुढच्या एका फेरीत सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना आपल्या मकबऱ्यासाठी संगमरवर घेऊन निघालेल्या ३०० हून अधिक गाड्या पाहिल्याचं लिहितो. लहानात लहान गाडीला बारा बैल! मकबरा शेकडो वेळा पाहिला, पण त्या वाटेने हिऱ्यांचा व्यापारी गेला होता हे कधी मनात आलं नव्हतं. तो हिरा पुढे तुटला. इराणमधला गुलाबी दर्या-ए-नूर, जो नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्लीहून नेला, तो त्याचाच मोठा तुकडा असल्याचं १९६५ मध्ये कॅनडाच्या तज्ज्ञांनी ठरवलं. नूर-उल-ऐन हा बहुधा दुसरा. तो १९५९ मध्ये फराह दिबाच्या लग्नातल्या मुकुटात बसवला होता.

आणि एक निजामाचा. १९४८ पर्यंत आपण ज्यांच्या राज्यात होतो तेच. त्यांच्या घराण्यातला ३४.६५ कॅरटचा गुलाबी हिरा १९६० मध्ये लंडनला लिलावात गेला, पॅरिसच्या जवाहिऱ्यांनी घेतला आणि बडोद्याच्या सीतादेवी गायकवाडांच्या मुलाच्या लाडक्या नावावरून त्याचं नाव ठेवलं, प्रिन्सी. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला तो जवळजवळ ३ कोटी ९३ लाख डॉलरला विकला गेला. तो 'खरा' आहे यात शंका नाही. तो कोणाचा, एवढंच विचारायचं नाही.

हे सगळं मी रात्री जेवताना सांगितलं. सूनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आई, ते सगळं ठीक आहे. पण लोकांत सांगायची काय गरज? कोणी विचारलंच तर 'हिरा आहे' एवढंच म्हणायचं. कोणाला कळतंय?"

सूनबाई वाईट नाहीत हो. लेकीला चारचौघांत कोणी नावं ठेवू नयेत एवढंच त्यांना वाटत होतं. पण ते "कोणाला कळतंय" मला लागलं. मी उठून कपाटातून डबी आणली.

आईने मला लग्नात सात-सात खड्यांच्या हिऱ्याच्या कुड्या दिल्या होत्या. तिला तिच्या आईने दिलेल्या. १९८६ मध्ये ह्यांचं ऑपरेशन निघालं, तेव्हा त्या मोडायला मी सराफ्यात गेले. सराफाने भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि डबी हळूच माझ्याकडे सरकवली. "बाई, सोनं चांगलं आहे. खडे हिऱ्याचे नाहीत." मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. पैसे शेवटी शिक्षकांच्या पतसंस्थेतून उभे केले. आईला काही बोलले नाही. ती दर दिवाळीला विचारायची, "कुड्या घातल्यास का गं?" मी हो म्हणायची. १९९८ मध्ये ती गेली.

सुरुवातीची काही वर्षं मी समजत होते की आजीला कोणीतरी फसवलं. नंतर एक दुसरी शंका मनात आली आणि ती गेली नाही. कुड्यांची घडण जुनी होती, खडे मात्र अगदी नवे वाटायचे. मी बीए करत होते तेव्हा वडिलांची नोकरी दोन वर्षं सुटलेली होती. माझी फी मात्र वेळेवर भरली जायची. कुठून, हे मी कधी विचारलं नाही.

ताटं तशीच होती. नात म्हणाली, "पणजीने तुला सांगितलं असतं तर?"

"तर ऑपरेशनच्या वेळी सराफ्यात गेले नसते," मी म्हटलं. "आणि कुड्या रोज घातल्या असत्या."

सूनबाईंनी डबी हातात घेतली, दिव्याखाली धरून पाहिली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अंगठी लॅबची आहे हे तुमच्या ब्लॉगवरच लिहून टाका. सगळे नातेवाईक वाचतात. मला एकेकाला सांगत बसायला नको."

तर मंडळी, लिहिलं. हिरा अर्ध्या कॅरटचा, गुलाबी, प्रयोगशाळेतला, दोघांच्या पगारातला. बदामाच्या आकाराचा मला आवडला होता, पण नातीने गोलच घेतला, साध्या चार पकडींचा. मंगळवारी अंगठी आणायला जायचं आहे. उजव्या कुडीची फिरकी सैल झालीय, तीही तिथेच दाखवून घेईन. साखरपुड्याला घालायच्या आहेत.