पुन्हा त्याच्याच समोर

बॉक्सर फ्लॉइड मेवेदरच्या नावापुढे ५० लढती आणि ५० विजय आहेत. रॉकी मार्सियानो १९५६मध्ये ४९ विजयांवर अपराजित थांबला. ऑगस्ट २०१७मध्ये लास वेगासला मेवेदरने त्याला मागे टाकलं, ते कॉनर मॅकग्रेगरला हरवून. मॅकग्रेगर मिश्र मार्शल आर्ट्समधला मोठा गडी, पण व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती त्याची पहिलीच लढत होती. याच मेवेदरने २००१मध्ये तोवर अपराजित असलेल्या डिएगो कोरालेसला पाच वेळा खाली पाडलं होतं. नोंदवहीत दोन्ही विजयांची किंमत मात्र सारखीच, एक.

म्हणून जाणकार आधी नावं वाचतात. समोर कोण होता, कुठल्या वयात होता, कुठल्या वजनाला लढला?

मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्या बाबतीत हा हिशेब मांडणं सोपं आहे, कारण २०१५मध्ये एकमेकांसमोर येण्याआधी दोघांनीही तेच पाच बडे बॉक्सर हरवले होते: ऑस्कर डी ला होया, रिकी हॅटन, हुआन मॅन्युएल मार्केझ, शेन मोस्ली आणि मिगेल कोटो. नावं तीच, माणसं मात्र दर वेळी तीच होती का?

डी ला होयाचंच पाहा. मे २००७मध्ये मेवेदर त्याच्या १५४ पौंडांच्या गटात चढून गेला आणि जिंकला. तीनपैकी एका परीक्षकाने कौल डी ला होयाला दिला होता. दीड वर्षाने पॅकियाओसमोर तोच डी ला होया १४७ पौंडांवर उतरला. कित्येक वर्षांत तो इतक्या खाली आला नव्हता. वजन असं उतरवताना चरबीबरोबर पाणी जातं, आणि पाण्याबरोबर पायांतली ताकद. आठ फेऱ्यांनंतर तो स्टुलावरून उठलाच नाही. निकाल पॅकियाओचा अधिक दणदणीत, पण प्रतिस्पर्धी मेवेदरचा अधिक भक्कम. हॅटनची गोष्ट थोडी वेगळी. मेवेदरने त्याचा पहिला पराभव केला, तो १४७ पौंडांवर, दहाव्या फेरीत. पॅकियाओने त्याला त्याच्या हक्काच्या १४० पौंडांत गाठलं आणि दुसऱ्याच फेरीत आडवं केलं. कोटोला पॅकियाओने १४५ पौंडांच्या ठरवून घेतलेल्या वजनावर बोलावलं, तर मेवेदर २०१२मध्ये त्याच्या १५४ पौंडांत गेला आणि नाकातून रक्त येईपर्यंत झगडून जिंकला. मोस्ली दोघांनाही चाळिशीच्या उंबरठ्यावर भेटला.

राहिला मार्केझ. इथे तराजू पॅकियाओच्या बाजूने स्पष्ट झुकतो. मेवेदरने मार्केझला २००९मध्ये एकदाच हरवलं, तेही हलक्या गटातून वर ओढून; शिवाय करारातल्या वजनापेक्षा मेवेदर स्वतः दोन पौंड जास्त भरला होता. पॅकियाओ त्याच मार्केझसमोर चार वेळा उभा राहिला. एकूण ४२ फेऱ्या.

मे २००४मधल्या पहिल्या लढतीत पहिल्याच फेरीत मार्केझ तीन वेळा पडला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा नाकातून रक्त वाहत होतं. पण पुढच्या अकरा फेऱ्यांत त्याने पॅकियाओच्या डाव्या ठोशाची वेळ ओळखली, अर्धं पाऊल मागे सरून उजव्या हाताने उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि लढत बरोबरीत सुटली. २००८ आणि २०११मध्ये पॅकियाओ गुणांवर जिंकला, पण दोन्ही निकालांवर वाद झडले. डिसेंबर २०१२मध्ये चौथ्यांदा गाठ पडली. तिसऱ्या फेरीत पॅकियाओ पडला, पाचव्यात मार्केझ. सहाव्या फेरीचा शेवटचा सेकंद उरला असताना पॅकियाओने पुढे झेप घेतली, आणि मार्केझने आठ वर्षं घोटवलेला तो उजवा ठोसा त्याच्या चेहऱ्यावर बसला. तो तोंडावर कोसळला आणि निपचित पडून राहिला.

नोंदवहीत हा पराभव म्हणून लिहिला गेला. पण पॅकियाओच्या थोरवीचा याहून मोठा पुरावा शोधूनही सापडणार नाही. ज्याने आपलं कोडं जवळजवळ सोडवलं आहे, त्याच्यासमोर पुन्हा जायला जी छाती लागते, ती पन्नास सोप्या विजयांत दिसत नाही.

मेवेदरकडेही ही छाती होती. एप्रिल २००२मध्ये होसे लुईस कॅस्टियोने त्याला दोरांपाशी दाबून बरगड्यांवर इतकं बडवलं, की परीक्षकांचा कौल मेवेदरला मिळूनही बऱ्याच जणांच्या मते लढत कॅस्टियोने जिंकली होती. मेवेदर त्याच डिसेंबरात पुन्हा त्याच्यासमोर आला. या खेपेस तो पाय हलते ठेवत, अंतर राखून लढला आणि जिंकला. अपराजित कारकिर्दीतलं हे सर्वांत मोलाचं वर्ष, आणि मेवेदरच्या चाहत्यांनी आधी त्याकडे बोट दाखवायला हवं.

आजच्या पिढीत त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर पुन्हा जाण्याची ही कसोटी युक्रेनच्या ओलेक्सांडर उसिकइतकी कोणी दिलेली नाही. जुलै २०२५पर्यंत त्याच्या व्यावसायिक लढती अवघ्या २४. त्यांतल्या सहा तिघांशी, प्रत्येकी दोनदा: अँथनी जोशुआ, टायसन फ्युरी आणि डॅनियल डुबॉइस. तिघेही त्याच्याहून उंच आणि वजनाने भारी. ऑगस्ट २०२३मध्ये पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला पाचव्या फेरीत डुबॉइसचा एक ठोसा उसिकच्या कमरेपाशी बसला. रेफरीने तो नियमबाह्य ठरवला, उसिकला सावरायला वेळ मिळाला आणि नवव्या फेरीत तो जिंकला. वाद मात्र मिटला नाही. पुढच्या वर्षी डुबॉइसने वेम्ब्लीवर जोशुआला पाचव्या फेरीत नॉकआउट केलं; तो आता स्वतः जगज्जेता होता. जुलै २०२५मध्ये ३८ वर्षांचा उसिक त्याच वेम्ब्लीवर या अधिक तयार, अधिक धोकादायक डुबॉइससमोर गेला आणि पाचव्याच फेरीत डाव्या हाताने त्याने लढत संपवली.