गोंडपिपरीतला समुद्र, सम्पविना

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बसवायचे म्हटले की लोक आधी सम्पची चौकशी करतात. मुख्य टाकीतले पाणी खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरते, तिथे स्किमर आणि हीटर असतात आणि पंप ते पाणी परत वर चढवतो. मोठ्या टाकीला ही व्यवस्था उत्तमच. पण शंभर लिटरच्या टाकीला सम्प लावू नका, असे मी इथल्या माणसाला आवर्जून सांगतो. आपल्याकडे वादळ-पावसात लाईन जाते. पंप थांबला की वरचे पाणी खाली येते आणि सम्पचा हिशेब जरा हुकला तर खोलीभर मिठाचे पाणी होते. सम्प नसेल तर पाणी जिथल्या तिथे राहते. बॅटरीवरचा एअर पंप तेवढा हाताशी ठेवायचा.

सम्प नाही, मग पाणी साफ कोण करते? जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ च्या सुमारास याचे उत्तर जगापुढे मांडले: समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे. खडकाच्या बाहेरच्या थरातले जिवाणू माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात.

तसा खडक आपल्याला समुद्रातून उचलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ताडोबाच्या वाघाच्याच पंक्तीला. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही घरी आणू नये. म्हणून मी सच्छिद्र सिरॅमिकचे दगड रचतो आणि त्यांवर जिवाणू बसेपर्यंत टाकीत एकही मासा सोडत नाही. यात महिना-दीड महिना सहज जातो. त्यानंतर क्लाउनफिशची एक जोडी, तीही हॅचरीत वाढलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे बंदिस्त जागेत वाढवण्याचे तंत्र केव्हाच बसवले आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेले मासे घेण्याचे कारण उरत नाही. सम्पविना टाकीत गर्दी मुळीच चालत नाही.

खरी कसोटी मे महिन्यात लागते. बाहेर पारा ४५ च्या वर आणि टाकीला हवे २५-२६ अंश. यासाठी महागडा चिलर घेण्याआधी पाण्यावर एक छोटा पंखा लावून बघावा. मुंबईच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही. आपली हवा कोरडी, त्यामुळे घरचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच इथे झकास लागू पडते. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता नेते, तेवढी १०० लिटर पाण्यातून काढली तर तापमान जवळजवळ ६ अंशांनी उतरेल. खोलीची उष्णता सतत आत येतच असते, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढे उतरत नाही. पण टाकी तग धरते.

मात्र उडते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. दर लिटरला ३५ ग्रॅम क्षार असलेल्या १०० लिटरमधून ३ लिटर उडाले की तेच प्रमाण ३६ च्या पुढे जाते. सम्प असता तर ही घट खालच्या टाकीत दिसली असती. इथे ती समोरच्या काचेवरच दिसते. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीला काळी चिकटपट्टी लावायची आणि सकाळ-संध्याकाळ पाणी त्या रेघेपर्यंत आणायचे, तेही साध्या आरओच्या पाण्याने. इथे खाऱ्या पाण्याने भर घालणे म्हणजे मीठ वाढवत नेणे. बोअरचे पाणीही नको. आपल्या जिल्ह्यातल्या भूजलात क्षार आणि फ्लोराइड दोन्ही आढळतात. काठावर जमलेले पांढरे मीठ ओल्या फडक्याने पुसावे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून आकडा बघावा.

जुलैत हवा ओली झाली की पंख्याचा जोर ओसरतो, पण तोवर खोलीही निवलेली असते. तेव्हा भर घालायचे पाणी निम्म्याहून कमी लागते, आणि उन्हाळ्याच्या सवयीने जास्त ओतले तर क्षार उतरतात. रेघ तीच ठेवायची. पाणी मोजून नाही, रेघ बघून घालायचे.