बरणीतला पाहुणा

चर्चच्या आवाराशेजारी राहणारी पाचवीतली एक मुलगी मे महिन्याच्या सुटीत आजोळी निघाली, तेव्हा तिने आपला मासा आमच्या हवाली केला. लोणच्याच्या बरणीएवढे काचेचे भांडे आणि त्यात निळ्या-तांबड्या झालरीचे पर मिरवणारा मासा. दुकानदार त्याला 'फायटर' म्हणतात. त्याचे खरे नाव बेट्टा. "फादर, याला फार काही लागत नाही," एवढीच तिची सूचना होती. माणसे सांभाळण्यात आमची पंचवीस वर्षे गेली. एका माशाचे ते काय ओझे, असे आम्हांस वाटले.

आम्ही हयगय केली नाही. उलट काळजीचा अतिरेक झाला. येता-जाता दाणे टाकले; उरलेले तळाशी कुजले. पाणी गढुळले, म्हणून रोज बरणी लख्ख घासून तीत नळाचे ताजे पाणी भरू लागलो. नवव्या दिवशी त्याने पर मिटले. अकराव्या दिवशी तो गेला.

बाजारातून तसाच दुसरा मासा आणून ठेवावा, मुलीला कळणारही नाही, असा मोह आम्हांस झाला, हे येथे कबूल करतो. ती परतल्यावर मात्र खरे तेच सांगितले. ती रडली नाही. "आधीचे दोनही असेच गेले, फादर," असे शांतपणे म्हणाली. तिच्या रडण्यापेक्षा त्या शांतपणानेच आम्ही अधिक अस्वस्थ झालो.

मग जाणकारांना विचारले, पुस्तके चाळली. हा मासा मूळचा थायलंडचा. तेथील भातखाचरांत आणि संथ, उथळ पाण्यात तो राहतो. 2019 साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. कल्ल्यांच्या वर असलेल्या एका घडीदार अवयवामुळे त्याला पृष्ठभागावर येऊन हवा घेता येते. त्यामुळे थोड्याशा पाण्यातही तो तग धरतो आणि आपण समजतो की त्याला तेवढेच पुरते! परंतु त्याच्याच शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया त्या पाण्यात साठतो. हवा घेता आली म्हणून हे विष टळत नाही. मोठ्या टाकीत काही आठवड्यांनी सूक्ष्म जीवाणू वस्तीला येतात आणि या विषाचे रूपांतर कमी घातक द्रव्यात करतात. आम्ही मात्र रोज घासून ती वस्ती कधी होऊच दिली नाही, आणि वर नळाच्या पाण्यातील क्लोरीनची भर घातली.

दुसरा मासा आम्ही त्या मुलीसोबत जाऊन आणला. परंतु त्याआधी महिनाभर वीस लिटरची टाकी तयार केली. मंद प्रवाहाची गाळणी, पाणवनस्पती, मासा उडी मारतो म्हणून झाकण, आणि 24 ते 28 अंशांचे ऊबदार पाणी. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलायचे, तेही क्लोरीन काढलेले. दाणे क्षणात संपतील इतकेच द्यायचे. दुसरा नर जवळ ठेवायचा नाही. आरशातील स्वतःच्या प्रतिमेवरही तो पर फुलवून चाल करतो.

परवा शाळा सुटल्यावर ती धावत आली. पाण्यावर पानाच्या आडोशाला बुडबुड्यांचे इवले घरटे तरंगत होते. नर असे घरटे बांधतो आणि अंडी-पिल्लांची राखणही तोच करतो. येथे मादी नाही, अंडी नाहीत. तरी तो फुटलेल्या बुडबुड्यांच्या जागी नवे रचत होता. आम्ही दोघे बराच वेळ न बोलता पाहत उभे राहिलो.

त्या सायंकाळी आम्हांस वाडीच्या टोकाला एकटे राहणारे एक वृद्ध गृहस्थ आठवले. विचारपूस केली की ते नेहमी म्हणत, "मला काही कमी नाही, फादर." आणि आम्ही बाहेरूनच माघारी फिरत असू. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरात गेलो, स्वयंपाकघरापर्यंत गेलो. चूल थंड होती.