टिंबापुढचे आडनाव

आमच्या घराण्यात टिंबांना कधी तोटा पडला नाही. वडील ति., मी चि., आणि लग्नपत्रिकेत पत्नी चि. सौ. कां. लग्नानंतर तिची नुसती सौ. झाली. उरलेली दोन टिंबे माझ्या बोलण्यात पूर्णविराम म्हणून तीच वापरते. शिवाय मी बी. कॉम. पूर्वी डॉसच्या जमान्यात ज्या फाइलच्या नावापुढे टिंब आणि 'कॉम' असे, ती चालू होणारा प्रोग्रॅम समजली जाई. हे मी सौ.ला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही चालू होताना मी तरी पाहिलं नाही."

असो. सांगायचे होते ते बापूंच्या वर्षश्राद्धाचे. मुरबाडहून आईचा फोन आला, "अरे, म्हशाच्या जत्रेत तू बापूंचं शूटिंग काढलं होतंस ना? ते घेऊन ये. आवाज ऐकायचाय एकदा."

ती जत्रा जानेवारी २०२४ ची. पौष पौर्णिमेला म्हशाला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते आणि तिथला बैलबाजार म्हणजे यात्रेचा प्राण. बापू निवृत्त शिक्षक. घरी ना शेत, ना गोठा. पण चार-दोन बैलांचे जबडे उघडून दातांवरून वय सांगितल्याखेरीज त्यांची यात्रा पुरी होत नसे. विकणारा बिचारा गिऱ्हाईक समजून चहा मागवी. बापू चहा पीत आणि पुढच्या बैलाकडे वळत.

माझ्या मोबाइलमध्ये चाळीस मिनिटांचे चित्रण होते. त्यात बराचसा माझा अंगठा, काही बैलांच्या पाठी आणि उरलेले बापू. शहापूरच्या बिऱ्हाडी तीन रात्री जागून, एक फुकटचा प्रोग्रॅम घेऊन मी त्याची काटछाट केली. अंगठा काढला. बापू दर दोन वाक्यांनी खोकत, ते खोकलेही एकेक हुडकून काढले. लेजरमधली चूक शोधावी तसे. मग फाइलला आदराने नाव दिले : 'कै. बापू म्हसा यात्रा'. मोबाइल जागा नाही म्हणून कुरकुरत होता, तेव्हा मूळचे सगळे पुसून टाकले. कॅश जुळली तरी स्लिपा फाडू नयेत, हे बँकेत नव्या पोरांना मीच सांगत असतो.

पेन ड्राइव्ह सदऱ्याच्या खिशात ठेवून, किन्हवली-सरळगावमार्गे एसटीने निघालो. सबंध रस्ताभर एक हात खिशावर. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारले, "छातीत दुखतंय का हो?"

मुरबाडला जेवणे आटोपली, पाहुणे टीव्हीपुढे बसले, आई पुढच्या खुर्चीत. मी पेन ड्राइव्ह खोचला. टीव्हीने सांगितले : यात काही नाही.

"रिकामाच आणला वाटतं," मेहुणे म्हणाले. आई काही बोलली नाही, म्हणून मला जास्त घाम फुटला.

अकरावीतल्या भाच्याने लॅपटॉप काढला. फाइल होती, पण तिच्यावर चित्र कोऱ्या कागदाचे, आणि प्रकाराच्या रकान्यात लिहिलेले : नुसतेच 'फाइल'.

"मामा, एक्स्टेन्शन नाही हिला."

आमच्या खात्यात एक्स्टेन्शन निवृत्त होणाऱ्या साहेबाला मिळे. भाच्याने समजावले ते असे : शेवटच्या टिंबापुढे जे येते ते फाइलचे आडनाव. त्यावरून ती कोणाच्या घरी उघडायची ते ठरते. डॉसमध्ये नावाला आठ अक्षरे आणि आडनावाला तीन, एवढाच रतीब होता. १९९५ साली विंडोज ९५ आले, लांबलचक नावे चालू लागली, आणि ओळखीची आडनावे पडद्याआड गेली. त्यामुळे माझ्यासारख्यांना आडनाव असते हेच ठाऊक नाही. एरवी प्रोग्रॅम ते आपण होऊन जोडतो. पण माझ्या 'कै.'पुढे टिंब दिसल्यावर त्याला वाटले, या गृहस्थाने आडनाव दिलेलेच आहे! 'कै' हे नाव, 'बापू म्हसा यात्रा' हे आडनाव. असल्या आडनावाचे कोणी टीव्हीच्या ओळखीचे नव्हते.

"मग आतलं गेलं का रे?"

त्याने ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पडदाभर किडामुंगी, पण पहिल्याच ओळीत इंग्रजी एफ, टी, वाय, पी ही चार अक्षरे शाबूत. "ही खूण असते, मामा. आतून एमपी४च आहे. पाटी तेवढी चुकलीय." काही न बदलता त्याने ती बंद केली आणि नावापुढे टिंब देऊन 'एमपी४' लिहिले. यंत्राने बजावले, असे केल्यास फाइल निरुपयोगी होऊ शकते. मी त्याचा हात धरला. सगळे पुसणारा मी, हात धरणाराही मीच! त्याने दुसऱ्या हाताने 'हो' दाबले.

आणि बापू एका खिलाऱ्या बैलाच्या तोंडात डोकावताना दिसले. "सहा दाती आहे," ते विकणाऱ्याला म्हणाले, "तू चार सांगतोस!" पाहुणे हसले. मेहुणेही.

आई टक लावून बघत होती. संपत आले तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "खोकला कुठं गेला रे त्यांचा?"

मी अकरा खोकले काढले होते. मोजून. मी काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात अगदी शेवटी, चहाचा कप परत देताना, बापू खोकले. हा बारावा माझ्या नजरेतून सुटला असावा.

"मागं घे जरा," आई भाच्याला म्हणाली.