निळ्या टिका आणि फाट्यावरची पोरगी

शाळा सुरू झाल्या. आता 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या शालेय स्पर्धांच्या तारखा यायला लागतील. त्याआधी मागच्या वर्षीचं एक सांगून टाकतो. चूक माझी होती, म्हणून मीच लिहितो.

धारणीत मी मुलींची कबड्डीची टीम सांभाळतो. बारा पोरी, आठ गावं. तालुक्यात जिंकलो, जिल्ह्याला अमरावतीला जायचं ठरलं. हरिसाल, सेमाडोह, परतवाडा करत जायचं, म्हणजे घाटाचे चार-पाच तास. सामना दुपारचा, म्हणून गाडी सकाळी सातला काढू असं सगळ्यांना तोंडी सांगितलं होतं. आमची सगळ्यात चांगली रेडर ढाण्यावर राहते. तिला साडेसातला फाट्यावरून घ्यायचं ठरलं.

आदल्या रात्री नऊला निरोप आला, सामना सकाळी घेणार, दहाला हजर राहा. मी लगेच ग्रुपवर टाकलं, 'गाडी साडेचारला निघेल.' पटापट अंगठे आले. तिच्या घरचा नंबर पाहिला, तिथंही निळ्या टिका. मी निवांत झोपलो.

पहाटे पाचला फाट्यावर अंधार, कोणीच नाही. हॉर्न वाजवला, दहा मिनिटं थांबलो, फोन लावला, लागला नाही. मी म्हटलं, घरच्यांनी पाठवली नसेल. पोरीची जात, लांबचा प्रवास. चला.

अमरावतीत पहिलाच सामना हरलो. ती असती तर जिंकलो असतो असं म्हणत नाही. पण तिला खेळायला मिळालं नाही, एवढं खरं.

सोमवारी ती ग्राउंडवर आली. मी जरा रागातच विचारलं, "काहून आली नाही?"

ती म्हणाली, "सर, मी तं आलती. तुम्हीच नव्हते."

आजीला घेऊन ती तीन किलोमीटर चालत साडेसातला फाट्यावर आली होती. मी सांगितलेल्या वेळेला, अगदी बरोबर. पिशवीत बूट, फडक्यात भाकर. दुपारपर्यंत दोघी तिथंच बसून होत्या, गाडी बिघडली असेल म्हणून.

मग त्या निळ्या टिका कुणाच्या? तिच्या मोठ्या भावाच्या. फॉर्मवर त्याचा नंबर होता आणि तो सोयाबीन सोंगायला दर्यापूरकडे गेला होता. घरातला एकच फोन, तोही त्याच्यासोबत गेलेला. त्यानं मेसेज वाचला, पण ढाण्यावर कळवणार कसं? तिथं ना दुसरा फोन, ना रेंज.

चुकीची वेळ ही एक गोष्ट. मला जास्त लागलं ते दुसरंच. खात्री न करता मी मनात धरून टाकलं की 'हे लोक पोरींना पाठवतच नाहीत.' इथं आपण अधिकारी, शिक्षक, कोच सगळेच हे वाक्य फार सहज बोलतो. त्या दिवशी तिची आजी फाट्यावर बसलेली होती आणि मी गाडीत बसून हे वाक्य म्हणत होतो.

हरिसाल 2016 मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं. चांगलंच झालं. पण त्याच रस्त्यानं आत वळलं की फोनची रेंज पाहायला टेकडीवर चढावं लागतं, हेही खरं आहे. अशा ठिकाणी ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं धरलं, तर टीम खेळावरून निवडली जात नाही, टॉवरवरून निवडली जाते.

यावर्षी काय बदललं ते सांगतो. दुसऱ्या कोणाला उपयोगी पडलं तर बरंच.

फॉर्म भरताना नंबरासोबत तीन गोष्टी विचारतो. फोन कुणाचा, तो घरी राहतो का, आणि तो लागला नाही तर निरोप कोण नेईल. प्रत्येक ढाण्याला एक निरोप्या ठरला आहे. कुठं अंगणवाडीताई, कुठं किराणावाला, कुठं टीममधलीच मोठी पोरगी.

तारीख कळली की चिठ्ठी लिहितो आणि मुक्कामी एसटीच्या कंडक्टरजवळ देतो. बाजारच्या दिवशी आईबाप धारणीत येतात, तेव्हा समोर बसून बोलतो. मुक्काम कुठं, सोबत बाई कोण, परत कधी येणार. पोरीच्या आईला आधी हेच ऐकायचं असतं, स्पर्धेचं नाव नंतर.

आणि हे सगळं कोरकूत. माझी कोरकू तुटकी आहे, मिया, बारी, आफई असं मोजून वॉर्मअप घेण्यापुरती. म्हणून मोठ्या पोरी बोलतात. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली वेगळी भाषा आहे. 'सहभागी खेळाडूंनी वेळेत उपस्थित राहावे' हे वाक्य आजीपर्यंत पोचत नाही, नातीचा आवाज पोचतो.

शेवटचा नियम माझ्यासाठी आहे. फाट्यावर पोरगी दिसली नाही तर गाडी ढाण्यावर न्यायची. उशीर झाला तर झाला.

वेळापत्रक ठरवणाऱ्या सगळ्यांना हात जोडून एक विनंती. वेळ बदलायची असेल तर मेळघाटच्या टीमला निदान दोन दिवस आधी कळवा. तेवढं जमत नसेल तर आमचा सामना दुपारीच ठेवा. ज्या अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, जिथले खेळाडू 1936 मध्ये बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवून आले, त्या गावापर्यंत आमची पोरगी दीडशे किलोमीटरवरून पोचू नये, हे बरं दिसत नाही.

ती यावर्षीही खेळते आहे. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "सर, यावर्षी गाडी किती वाजता?"

मी म्हटलं, "तू बसशील तेव्हा."

तुमच्याकडं निरोप कसा पोचवता, ते खाली लिहा. आणि मेळघाटात काम करणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्यापर्यंत हे पोचवा. रेंज असली तर.