पाचशेचे साडेपाच लाख

बोरी अरबला अब्बांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. मृगाला शेतकरी बियाणं नेतात, कापूस विकला की पैसे देतात. मधला सगळा काळ एका लाल वहीच्या भरवशावर. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, उधारी लिहून ठेवायला सांगते. अब्बा ती फार मनावर घेतात.

वहीची पानं सुटायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "प्रोग्राम लिहून देतो." दुकानातला विंडोज कॉम्प्युटर जुना, माउस बिघडलेला. म्हणून फक्त कीबोर्डवर, टर्मिनलमध्ये चालणारी वही करायचं ठरवलं.

रस्ट भाषेत त्यासाठी रॅटाटुई आहे. 'टीयूआय-आरएस' या जुन्या लायब्ररीचं काम थंडावल्यावर २०२३ मध्ये लोकांनी ती या नावानं पुढे नेली. रॅटाटुई चौकटी आणि तक्ते मांडते, ते टर्मिनलवर उतरवतो बॅकएंड. दाबलेल्या कळाही आपण बहुधा त्याच लायब्ररीकडून वाचतो. मुख्य पर्याय तीन : टर्मियन, क्रॉसटर्म, टर्मविझ.

पुण्यात माझ्या लिनक्सवर मी टर्मियन घेतलं. आटोपशीर, झकास चाललं. ईदला गावी आलो तेव्हा कळलं, टर्मियन विंडोजवर चालतच नाही. घेण्याआधी एवढंही बघितलं नव्हतं! टर्मविझ हा वेझटर्म या टर्मिनलचाच भाग. दोन्हीकडे चालतो, पण माझ्या एवढ्याशा वहीला जड वाटला. शेवटी क्रॉसटर्म.

अब्बांनी एका शेतकऱ्याच्या नावे ५०० टाकले. पडद्यावर उमटले ५५००००. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "बेटा, एवढ्यात तर त्याचं वावर जाईल."

मी खजील झालो. विंडोजवर क्रॉसटर्म कळ दाबल्याची एक आणि सोडल्याची दुसरी अशा दोन नोंदी देतं. लिनक्सवर सहसा दाबल्याचीच मिळते, म्हणून पुण्यात हे दिसलंच नाही. फक्त दाबलेली कळ मोजायची, एवढी एक अट घातली आणि ५०० हे ५०० राहिले.

आता कुणी विचारलं, यातला चांगला बॅकएंड कोणता, तर मी आधी विचारतो, "प्रोग्राम कुणाच्या टेबलावर चालणार आहे?" आणि त्या टेबलावर जाऊन स्वतः एक आकडा टाकून बघतो.

अब्बा प्रोग्राम रोज वापरतात. पण नवी लाल वहीही आणली आहे. महिनाअखेरीस दोन्ही जुळवून बघतात. मी काही बोलत नाही.